हिंवाळ्यांत निजलेली मोटारसायकल

गेल्या वर्षींच्या फाल्गुनांतील गोष्ट. रात्रींची पंगत नुकतीच उठली होती, इतक्यांत जर्मनीहून पुतण्याचा फोन आला. हा आमच्या थोरल्या बंधूंचा धाकटा मुलगा. म्युनिक शहरीं एका कारखान्यांत इंजिनिअर आहे. हल्लींच्या फोनांत बोलणाऱ्याचा चेहराहि दिसतो, त्यामुळें त्याचें तोंड उतरलेलें आहे हें वहिनींच्या तत्काळ लक्षांत आलें. प्रकृति विचारून झाली, जेवणखाण विचारून झालें, तेव्हां तो हळूच म्हणाला, "काका, गाडीची बॅटरी गेली. नुसती उतरली नाहीं. फुगून तिचें कवच तडकलें. आंतलें आम्ल सांडून खालचा सांगाडाहि खराब झाला आहे."

मोटारसायकल जुनीच, पण दोन वर्षें पैसा साठवून त्यानें ती घेतली होती, आणि तिच्यावर बसून आल्प्सच्या पायथ्याचीं गांवें तो पाहून आला होता. आम्हीं हळहळ व्यक्त केली. त्यावर तो पुढें बोलला, "तुम्हीं सांगितल्याप्रमाणें दर रविवारीं पांच मिनिटें इंजिन चालवीत होतों. जानेवारींत एका रविवारीं तें चालू होईना. मग आतां मार्चमध्येंच पाहूं, म्हणून तशीच ठेवली." हें त्यानें तक्रारीच्या सुरांत म्हटलें नाहीं, आणि म्हणूनच तें मला अधिक लागलें. सल्ला माझा होता. परदेशांत एकटा राहणारा मुलगा वडील माणसांचा शब्द मोडीत नाहीं ह्याचा आम्हांस केवढा अभिमान. आणि तो शब्द पाळण्यापायींच त्याच्या गाडीचें हें झालें! हा लेख लिहिण्याचें कारण एवढेंच, कीं तोच सल्ला अनेक घरांतून अनेक काका आजहि देत असतील.

आपल्याकडे मोटारसायकल बारा महिने चालते. पावसाळ्यांत ती भिजते, उन्हाळ्यांत तापते, पण निजत नाहीं. मध्य व उत्तर युरोपांत मात्र तिला खरोखरीची निद्रा असते. रस्त्यावर बर्फ साचतो. तो वितळावा म्हणून मीठ टाकतात. आणि तें मीठ लोखंड व अल्युमिनियम खाऊन टाकतें. शिवाय दोन चाकांवर तोल सांभाळणाऱ्यास गोठलेला रस्ता म्हणजे प्राणसंकटच. जर्मन लोक व्यवस्थेचे मोठे भोक्ते. त्यांनीं १९९७ पासून ह्या निद्रेला कायद्यांतच जागा करून दिली आहे. गाडीच्या नंबराच्या पाटीवर उजव्या कडेस दोन महिन्यांचे आंकडे, एकाखालीं एक, छापून घेतां येतात. वर ०४ व खालीं १० असें असलें म्हणजे ती गाडी एप्रिलच्या आरंभापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतच रस्त्यावर यावयाची. कर व विमाहि तेवढ्याच महिन्यांचा. उरलेल्या पांच महिन्यांत ती चालवावयाची तर नाहींच, पण सार्वजनिक रस्त्याच्या कडेला उभी करून ठेवणेंहि मना. म्हणून नोव्हेंबर उजाडण्यापूर्वीं जो तो आपली गाडी तळघरांतील मोटारखान्यांत किंवा घरामागील अंगणांत नेऊन झांकून ठेवतो. आमच्या पुतण्याची गाडी घरमालकाच्या परसांतील एका उघड्या छपराखालीं उभी होती. जर्मनींत रविवार हा शांततेचा वार. त्या दिवशीं परसांत इंजिन फडफडवणें शेजाऱ्यांस रुचणारें नव्हे. तरीहि काकांचा शब्द म्हणून हा रोष त्यानें पत्करला.

आतां माझा सल्ला आला कोठून, तें सांगतों. आम्हीं उमेदीचीं वर्षें बजाजच्या चेतक स्कूटरवर काढलीं. ही स्कूटर १९७२ सालीं बाजारांत आली, आणि ती मिळावी म्हणून लोक नांव नोंदवून वर्षानुवर्षें थांबत. तिच्या इंजिनास लागणारी ठिणगी इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटोंतून निघे. बॅटरीवर तिचें कांहींच अडत नसे. चार दिवस उभी राहिली तर सकाळीं ती एका अंगास कलती करावी, पुन्हा सरळ करावी, दोन-तीन किका माराव्या, कीं स्वारी चालती झाली. आठवड्यांतून एकदां इंजिन चालवलें म्हणजे कारब्युरेटरमधील पेट्रोल वाळून चिकटा धरीत नसे, हा अनुभवहि खरा होता. परंतु तो अनुभव पुण्याचा, मॅग्नेटोचा आणि किकेचा. पुतण्याच्या गाडीला किक नाहींच. बटण दाबलें कीं सारा भार बॅटरीवर. एका यंत्राचें शहाणपण दुसऱ्या यंत्रास आपण किती सहज लावतों!

माझ्या अज्ञानाचा पहिला समाचार वहिनींनीं घेतला. त्या जुन्या काळच्या रसायनशास्त्राच्या पदवीधर. त्या म्हणाल्या, "अहो भाऊजी, बॅटरी म्हणजे विजेचा रांजण नव्हे. तिच्यांत वीज भरलेली नसते. तिच्यांत एक रासायनिक क्रिया अर्धवट थांबवून ठेवलेली असते." तें मला नीट समजण्यास पुढचे दोन दिवस लागले. १८५९ सालीं गास्तों प्लांते ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें जी शिशाची बॅटरी सिद्ध केली तिचेंच तत्त्व आजच्या बहुतेक मोटारसायकलींत आहे. एक पत्रा शिशाचा, दुसऱ्यावर शिशाचा तपकिरी ऑक्साइड, आणि दोहोंमध्यें पाणी मिसळलेलें गंधकाम्ल. असे सहा कप्पे, प्रत्येकीं दोन व्होल्टांहून थोडे अधिक, मिळून बारा व्होल्टांची बॅटरी. वीज खर्च होऊं लागली म्हणजे आम्लांतील सल्फेट दोन्ही पत्र्यांवर जाऊन बसतें आणि मागें उरणारा द्रव उत्तरोत्तर पाणचट होत जातो. चार्ज केलें म्हणजे हीच क्रिया उलट चालते. सल्फेट पत्रा सोडून पुन्हा द्रवांत येतें.

मात्र ह्या परतीच्या वाटेला मुदत असते. पत्र्यावर नुकतेंच बसलेलें सल्फेट पिठासारखें बारीक असतें व सहज सुटतें. उतरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच पडून राहिली, कीं त्या पिठाचे हळूहळू खडे बनतात. वहिनींनीं मोरंब्याच्या बरणीचा दाखला दिला. पाक पक्का झाला असेल तर वर्षभरानें तळाशीं साखरेचे टणक खडे बसतात. मग बरणी कितीहि ढवळा, ते विरघळत नाहींत. बॅटरींत असे खडे झाले म्हणजे पत्र्याचा तेवढा भाग कायमचा वांया गेला. पुढें कितीहि चार्ज करा, ती पूर्वीइतकी वीज धरणार नाहीं. म्हणजे बॅटरीस वापरानें जें वय येतें त्याहून पुष्कळ वेगानें तें उपाशी पडून राहण्यानें येतें.

"पण मी तर दर रविवारीं इंजिन चालवून ती भरत होतों," असें पुतण्यानें विचारलें, तेव्हां आम्ही दोघे हिशेब मांडून बसलों. गाडी बंद असली तरी तिच्यांत वीज जळतच असते: घड्याळ चालू असतें, चोरीची सूचना देणारें यंत्र जागें असतें, इंजिनावर देखरेख करणाऱ्या संगणकाची स्मृति राखावी लागते. हा खर्च अवघा ५ मिलिअँपिअर धरला, तरी दिवसास ०.१२ अँपिअर-तास व महिन्यास ३.६ अँपिअर-तास झाला. मोटारसायकलच्या बॅटरीची सारी पुंजी १० अँपिअर-तासांच्या आसपास! तीन महिने पुरे होण्याच्या आंतच ती रिती. त्यांत दर रविवारचा स्टार्टर. थंडीनें तेल घट्ट झालेलें, इंजिन जड झालेलें. दोन-तीनदां बटण दाबावें तेव्हां तें पेट घेणार, आणि तेवढ्या वेळांत स्टार्टर शंभर अँपिअरांच्या घरांत प्रवाह ओढणार. मग जीं पांच मिनिटें इंजिन चाललें त्यांत ही उधारी फिटावी ना? ती फिटत नाहीं. इंजिन मंद गतीनें चालत असतां जनित्राची वीज बेताचीच असते. तिच्यांतूनच पुढचा दिवा, ठिणगी व पेट्रोलचा पंप ह्यांचा वांटा जातो. आणि गारठलेली बॅटरी स्वतःहि फार सावकाश चार्ज घेते. सारांश, दर रविवारीं मुलगा थोडी वीज घालत होता आणि त्याहून अधिक काढीत होता.

नुकसान बॅटरीपुरतेंच राहत नाहीं. एक लीटर पेट्रोल जळलें म्हणजे त्यांतून जवळजवळ एक लीटर पाणी उत्पन्न होतें. एरवीं तें वाफ होऊन धुरांड्यावाटे निघून जातें. पण पांच मिनिटांत ना नळी पुरती तापते ना तेल. मग ती वाफ आंतल्या आंतच निवते, नळींत गंज धरते आणि कांहीं तेलांत उतरते. अर्धा तास रपेट करून आणलेली गाडी आणि जागच्या जागीं पांच मिनिटें घुरघुरवलेली गाडी, ह्यांत हें अंतर आहे.

राहिली कवच तडकण्याची गोष्ट. मी समजत होतों, बिचारी बॅटरी थंडीनें मेली. खरें पाहतां ती उपासानें मेली व थंडीनें फक्त प्रेताची विटंबना केली. घरीं आइस्क्रीमच्या पात्राभोंवतीं बर्फावर मीठ टाकतात; पाण्यांत दुसरा पदार्थ मिसळला कीं त्याचा गोठणबिंदु खालीं जातो हें त्यामागील तत्त्व. आम्लाचेंहि तसेंच. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरींतील द्रव पाण्याच्या सुमारें १.२७ पट जड असतो, आणि तो गोठावा तर उष्णतामान उणें ५० अंशांच्याहि खालीं गेलें पाहिजे. अशी थंडी म्युनिकमध्यें पडत नाहीं. पार उतरलेल्या बॅटरींत मात्र हें प्रमाण १.१ च्या आसपास येतें, व तो पाणचट द्रव उणें आठ-दहा अंशांतच गोठूं लागतो. फेब्रुवारींतील एखाद्या रात्रीं तेथें पारा इतका उतरणें हें नवल नव्हे. गोठलेलें पाणी फुगतें, तसें तें फुगलें आणि प्लॅस्टिकचें कवच तडकलें. अशी गोठलेली बॅटरी कोणीं चुकूनहि चार्जरला लावूं नये. तडकली नसली तरी आधीं ती घरांत आणून सावकाश वितळूं द्यावी. कवच फुगलें किंवा चिरलें असेल तर जपून उचलून दुकानदाराच्या स्वाधीन करावी. शिसें विषारी आहे आणि आम्ल डोळ्यांचें शत्रु आहे. लेंकुरवाळ्या घरांत असली वस्तु कोपऱ्यांत पडूं देऊं नये.

नवी बॅटरी आली. पुढच्या ऑक्टोबरांत गाडी निजवण्याची वेळ झाली तेव्हां मीं सल्ला दिला नाहीं. आम्ही दोघांनीं मिळून विचार केला. आधीं त्यानें एक तासभर गाडी हिंडवून आणली. मग बॅटरी काढली. काढतांना ऋण टोंकाची तार प्रथम सोडावी, आणि बसवतांना ती शेवटीं जोडावी, हा नियम नुसता पाठ करून उपयोगी नाहीं. त्याचें कारण कळलें पाहिजे. गाडीचा सारा लोखंडी सांगाडा ऋण टोंकाशीं जोडलेला असतो. आधीं धन टोंक सोडावयास गेलों आणि हातांतील पाना चुकून सांगाड्यास टेकला, तर बॅटरीची सगळी शक्ति त्या पान्यांतून वाहते. ठिणगी उडते, पाना लाल होतो, हातांत अंगठी असेल तर बोट भाजतें. ऋण तार आधींच सुटलेली असली म्हणजे हा मार्गच बंद.

टोंकांवर जो पांढरट-हिरवट फुलोरा येतो तो त्यानें कोमट पाण्यांत खायचा सोडा कालवून पुसून काढला व कोरड्या टोंकांना व्हॅसलीनचा हात लावला. ह्या बॅटरीला वर झाकणें नव्हतीं. जुन्या तऱ्हेची, झाकणें असलेली बॅटरी असेल तर आंतील पाण्याची पातळी पाहावी, आणि कमी असल्यास डिस्टिल्ड पाणीच घालावें. नळाचें नव्हे, आणि आम्ल तर मुळींच नव्हे. पत्रे उघडे पडले असतील तर ते बुडण्यापुरतें आधीं घालावें. एरवीं चार्जिंग पुरें झाल्यावर, कारण चार्ज होतांना पातळी थोडी वर चढते. चार्ज करतांना हायड्रोजन वायु सुटतो व तो ठिणगीनें पेटतो, म्हणून खोलींत वारा खेळता असावा व जवळ निरांजन, उदबत्ती, विडी कांहीं नसावें.

चार्जर कोणता वापरावा ह्यावर बरीच चर्चा झाली. मोटारींसाठीं असलेला मोठा चार्जर मोटारसायकलच्या लहान बॅटरीस सोसत नाहीं. धारणेच्या सुमारें दहावा हिस्सा प्रवाह, म्हणजे १० अँपिअर-तासांच्या बॅटरीस १ अँपिअर, हें सुरक्षित प्रमाण. हल्लीं असे चार्जर मिळतात कीं जे बॅटरी साडेचौदा व्होल्टांच्या आसपास नेऊन पुरती भरतात आणि मग आपण होऊन साडेतेराच्या बेतास उतरून नुसती राखण करीत बसतात. तसला चार्जर असेल तर तो हिंवाळाभर लावून ठेवला तरी चालतो. जुना, दाब न आवरणारा चार्जर मात्र असा सोडून जाऊं नये. तो पाणी उकळवून बॅटरी वाळवून टाकतो. पुतण्यानें आणखी साधा मार्ग धरला: बॅटरी तळघरांतल्या फळीवर ठेवली, महिन्यांतून एकदां मीटर लावला, आणि आंकडा साडेबाराच्या खालीं आला तर रात्रभर चार्ज केली. मीटर लावण्यापूर्वीं चार्जर काढून कांहीं तास जाऊं द्यावे, नाहींतर आंकडा फसवतो. निवांत बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवील तर ती भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. आणि १२ च्या खालीं गेली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये.

तळघर थंड असतें, मग बॅटरी शेगडीजवळ ऊबेला ठेवूं का, असें आमच्या सौभाग्यवतींनीं मायेनें विचारलें होतें. नको. भरलेल्या बॅटरीस थंडावा मानवतो. आंतल्या आंत जी थोडी वीज झिरपून जाते ती उष्णतामान दहा अंशांनीं वाढलें कीं जवळजवळ दुप्पट वेगानें जाते. सिमेंटच्या जमिनीवर ठेवली तर जमीन वीज शोषते, ही समजूत मात्र आतां सोडून द्यावी. लांकडी पेटींतील बॅटऱ्यांच्या काळीं तिला कांहीं आधार होता. आजच्या प्लॅस्टिकच्या कवचाला जमीन कांहीं करीत नाहीं. वर सांगितलेलें सारें शिशाच्या बॅटरीचें. लिथियमची असेल तर तिचा धर्मच वेगळा: तिच्यावर सल्फेट जमत नाहीं व ती स्वतः होऊन फारशी उतरत नाहीं, पण शून्य अंशाच्या खालीं तिला चार्ज करूं नये, आणि चार्जरहि तिचाच हवा.

हें वाचून कोणी म्हणेल, जर्मनीच्या बर्फाशीं आमचा काय संबंध? मलाहि प्रथम तसेंच वाटलें. पण आमच्याच आळींत पाहिलें तर चार घरांतलीं वडील मंडळी मुलांकडे अमेरिकेस जातात तीं पांच-सहा महिने परत येत नाहींत, आणि स्कूटर जिन्याखालीं उभी असते. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले, तेव्हांपासून नव्या गाड्यांत कारब्युरेटर जाऊन विजेच्या पंपानें पेट्रोल पुरवण्याची रचना बहुतेक सर्वत्र आली. कित्येक गाड्यांना किकहि उरली नाहीं. बॅटरी मेली कीं गाडी म्हणजे नुसतें लोखंड. आणि वर म्हटल्याप्रमाणें उन्हाळ्यांत ती अधिक लवकर उतरते. तेव्हां म्युनिकच्या जानेवारीपेक्षां पुण्याचा वैशाखच तिला अधिक जड. प्रवासास निघण्यापूर्वीं निदान ऋण टोंकाची तार सोडून, तिच्यावर कापडाची पट्टी गुंडाळून ठेवावी. घरीं पुतणे-भाचे असतील तर त्यांना किल्ली देऊन जावी, पण सांगावें कीं पंधरवड्यांतून एकदां गाडी अर्धा तास खरोखर रस्त्यावर हिंडवा. जिन्याखालीं फुरफुरवून बंद करूं नका. मीं स्वतः गेल्या आषाढांत बहिणीकडे जातांना तार सोडली, आणि परत आल्यावर ती सोडली आहे हेंच विसरून मेकॅनिकला बोलावलें. त्यानें हंसून एक पैसाहि घेतला नाहीं.

यंदा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत पुन्हा फोन वाजला. तळघरांतल्या फळीवरील बॅटरीचा आंकडा १२.६ होता. मुलानें फोन परसांतल्या एका कठड्यावर उभा करून ठेवला, आणि आम्ही सारीं स्वयंपाकघरांत गोळा होऊन पाहूं लागलों. त्यानें आधीं धन टोंक जोडलें, मग ऋण, घड्याळ लावलें, बटण दाबलें. इंजिन एकदां कुरकुरलें आणि लागलें. त्यानें तें जागीं घुरघुरवत ठेवलें नाहीं. हेल्मेट चढवलें आणि निघाला. वहिनी मागून ओरडल्या, "अरे, गळ्याला कांहीं गुंडाळ!" पण तोंवर तो फाटकाबाहेर गेला होता, आणि फोन कठड्यावर तसाच राहून आम्हांला रिकामें परस दाखवीत होता.